चिपटं, मापटं आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग

मागच्या नोव्हेंबरात एका गुरुवारी रात्री साडेनऊला आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांचा गट) व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज पडला, शनिवार-रविवार पुण्यात एका संग्रहालयात शिक्षकांसाठी कार्यशाळा आहे, केंद्रातून दोन नावं हवीत, लिंक रात्री बाराच्या आत भरा. आता आमच्या ग्रुपवर रोज एक तरी लिंक पडतेच आणि ती कायम "तातडीची" असते, त्यामुळे सगळ्यांनी अंगठे टाकले आणि नाव कुणीच दिलं नाही. मग केंद्रप्रमुखांचा फोन. "मॅडम, इतिहास तुम्हीच घेता ना, तुमचं नाव टाकतो." मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी टाकलेलं पण होतं.

तर मी शिरूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, सहावी-सातवीला इतिहास आणि गणित दोन्ही माझ्याकडे, आणि नोकरीला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत प्रशिक्षणं किती केली ते मोजायचं सोडून दिलंय. सगळ्यांचा साचा एकच, सकाळी सही, पोहे, पीपीटी, दुपारी तक्त्याचा कागद आणि स्केचपेन देऊन गटकार्य, चार वाजता "आपला अभिप्राय", पाच वाजता परत सही. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२० च्या) लिहिलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत. वाईट काही नाही त्यात, पण ५० तास बसलो हे सहीवरून कळतं, त्यातून डोक्यात काय गेलं ते कशावरून कळणार? हा "कशावरून" शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी माझं पाप सांगून टाकते.

२०१७ ला मी सहल नेली होती. ५८ मुलं, एसटीचा लाल डबा, एका दिवसात एक संग्रहालय, शनिवारवाडा, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि येताना रांजणगावचा गणपती. संग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तास आला. मी हुशारी करून वर्कशीट तयार केलं होतं, "खालील वस्तूंची नावे व काळ लिहा", वीस ओळी. मुलं काय करत होती तर लेबलं उतरवून घेत होती. एकाने लेबल वाचायचं, चौघांनी त्याचं बघून लिहायचं, वस्तूकडं बघतंय कोण! आणि मी मागून "चला चला, रांग मोडू नका, काचेला हात लावू नका". एक पोरगी एका जुन्या पाळण्यापाशी उभी राहिली आणि मला विचारलं, "मॅडम, ही पाटी कोण लिहितं? त्यांना कसं कळलं की हे दोनशे वर्षांपूर्वीचं आहे?" मी म्हणाले, "तज्ज्ञ असतात, पुढं चल." परत आल्यावर सगळ्यांची वर्कशीटं तपासली, बरोबरच्या खुणा केल्या, सहलीचा अहवाल फाईलला लावला. अहवाल छानच होता हो.

तर हे सगळं गाठीशी घेऊन मी कार्यशाळेला गेले. संग्रहालयाचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण करणार आहे.

पहिला धक्का म्हणजे पीपीटी नव्हती. शिकवायला एक तिशीतली ताई होती, तिनं आम्हा चोवीस शिक्षकांना एका दालनात नेलं आणि एकाच शोकेससमोर खाली बसवलं, सतरंजीवर. समोर एक पितळी अडकित्ता, घोड्याच्या आकाराचा. लेबल तिनं कागद लावून झाकून टाकलं होतं. म्हणाली, दहा मिनिटं नुसतं बघायचं, बोलायचं नाही, मोबाईल बॅगेत.

दहा मिनिटं म्हणजे किती असतात हे तेव्हा कळलं. पहिल्या दीड मिनिटात माझं बघून झालं होतं. घोडा आहे, पितळ आहे, सुपारी फोडायचा आहे, आता पुढं काय? मग मी शेजारच्या सरांकडं बघितलं, ते छताकडं बघत होते. मग परत अडकित्ता. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला दिसलं की घोड्याचा एक कान झिजून सपाट झालाय आणि दुसरा तसाच आहे. मग दिसलं की पात्याचा खिळा पितळेचा नाहीये, लोखंडाचा आहे आणि जरा वाकडा बसवलाय. आणि मग हे दिसलं की मुठी फार लहान आहेत, माझ्यासुद्धा हातात नीट बसणार नाहीत. हे सगळं पहिल्या मिनिटापासून माझ्यासमोरच होतं!

दहा मिनिटांनी ताईनं विचारलं, काय दिसलं? जुन्नरकडचे एक सर म्हणाले, "पेशवेकालीन अडकित्ता." ती म्हणाली, "पेशवेकाळ दिसला? कुठं दिसला?" सगळे हसलो, सर पण हसले. मग हळूहळू एकेकाचं यायला लागलं, कान झिजलाय म्हणजे धरताना अंगठा तिथं येत असेल, म्हणजे वापरणारा माणूस कायम एकाच हातानं धरत असेल, उजव्या का डाव्या, खिळा नंतर बदललाय म्हणजे मोडला होता, मोडल्यावर टाकून न देता दुरुस्त केला म्हणजे महाग असेल नाहीतर जीव असेल त्याच्यावर, आणि दुरुस्त करणारा लोहार असेल, तांबट नसेल कारण खिळा लोखंडाचा. प्रत्येक वाक्याला ताईचा एकच प्रश्न, "कशावरून?" दोन दिवसांत तिनं हा शब्द किमान दोनशे वेळा वापरला असेल. शेवटी लेबलवरचा कागद काढला तर त्यावर दोनच शब्द होते, "अडकित्ता, पितळ". आम्ही चोवीस जणांनी मिळून त्या लेबलपेक्षा जास्त इतिहास सांगितला होता, त्यातला निम्मा चुकीचा असेल, असू दे.

तिची पद्धत अगदी साधी होती. काय दिसतंय, त्यावरून काय वाटतंय, आणि अजून काय विचारायचंय, या क्रमानंच जायचं आणि लेबल सगळ्यात शेवटी. हे काही तिनं शोधलेलं नाही, हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रोजेक्ट झिरो नावाच्या गटानं अशा विचार करायच्या सवयी बऱ्याच वर्षांपूर्वी मांडल्यात आणि जगभर शाळांमधून वापरतात, तिनं ते सांगितलं पण. मला आवडलं ते हे की याला काही साहित्य लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, नेट लागत नाही (आमच्या शाळेत नेट म्हणजे वऱ्हांड्याच्या एका कोपऱ्यात, तेही सकाळी). एक वस्तू लागते आणि मास्तरणीला गप्प बसता यावं लागतं. दुसरं जास्त अवघड आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला त्या २०१७ च्या पोरीचा प्रश्न सांगितला, पाटी कोण लिहितं. ती म्हणाली, अहो, हा तर फार जुना प्रश्न आहे. आणि मग तिनं इराकमधल्या उर शहराची गोष्ट सांगितली. लिओनार्ड वूली नावाचा पुरातत्त्वज्ञ तिथं खोदत होता, १९२५ च्या सुमाराला, आणि एका खोलीत त्याला निरनिराळ्या काळातल्या वस्तू एकत्र सापडल्या, कुणाचा कुणाशी शेकडो वर्षं मेळ नाही, एकाच जमिनीवर. त्याला कळेना. मग मातीचे छोटे दंडगोल सापडले, त्यांच्यावर त्या वस्तूंची माहिती कोरलेली, तीन भाषांत. म्हणजे लेबलं! सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एन्निगाल्डी नावाच्या राजकन्येनं तिथं संग्रहालय मांडलं होतं, ती त्यावेळी दीड हजार वर्षं जुन्या झालेल्या वस्तूसुद्धा जपून ठेवत होती. तीन भाषांत लेबलं होती हे ऐकून मी मुद्दाम म्हणाले, आम्हाला मात्र शिक्षक-पुस्तिका एकाच भाषेत मिळालीये आणि तीही इंग्रजीत. ती ओशाळली. म्हणाली, मराठीचं काम चालू आहे. चालू असेलही. पण चोवीसपैकी एकोणीस शिक्षक जिल्हा परिषदेचे, सगळे मराठी माध्यमाचे, आणि हातात गुळगुळीत कागदाची ऐंशी पानी इंग्रजी पुस्तिका, ती आता बहुतेक चोवीस कपाटांत आहे. माझी पण.

दुसऱ्या दिवशी बाकी कुठं काय मिळतं याची माहिती होती, त्यातलं मला कामाचं वाटलं तेवढं सांगते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची एक बस आहे, म्युझियम ऑन व्हील्स, २०१५ पासून फिरते, आत छोटं प्रदर्शन मांडलेलं असतं आणि ती शाळांमध्ये येते. म्हणजे ५८ पोरं लाल डब्यात कोंबण्यापेक्षा संग्रहालयच डब्यात घालून आणायचं, कल्पना झकास. त्याच संग्रहालयात २०१९ ला मुलांसाठी वेगळं संग्रहालय पण सुरू झालंय. दिल्लीची सीसीआरटी म्हणून संस्था आहे, सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, १९७९ पासूनची, ती शिक्षकांना हेच शिकवते की स्मारकं, संग्रहालयं, लोककला वर्गात कशा आणायच्या. आमच्या शेजारच्या केंद्रातले एक सर उदयपूरला त्यांच्या केंद्रावर जाऊन आलेत, येताना चित्रांचा भलामोठा संच घेऊन आले आणि तो खरंच वापरतात, मी बघितलाय. आणि ज्यांना नेट आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टल, मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तूंचे फोटो घरबसल्या दिसतात, आणि त्यामागचं "जतन" नावाचं सॉफ्टवेअर आपल्या पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं केलंय. फोटोत वस्तू मोठी करून बघता येते हे चांगलं, पण पोराला ती हत्तीएवढी का अंगठ्याएवढी हे कळत नाही, म्हणून मी फोटो दाखवायचा झाला तर आधी फळ्यावर खऱ्या मापात चौकट आखते.

हत्तीवरून आठवलं, ताईनं भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेतल्या दगडी हत्तीची गोष्ट सांगितली ती मला फार उपयोगी पडली. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडून फुटला, म्हणून तो इथं राहिला. नंतर तुकडे जोडून उभा केला. आता हा हत्ती पोरांना दाखवायचा तर "प्राचीन शिल्पकला" म्हणून दाखवायचा, का त्याच्या अंगावरचे जोड शोधायला लावायचे? जोड शोधायला लावले की पोरगं आपोआप विचारतं, फुटला कशानं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेलं. आणि तिथं मला माझाच तालुका भेटला.

इनामगाव आमच्या शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती, शंभराच्या वर घरं सापडली, जव पिकवत होते, धान्याचं कोठार होतं, पाण्यासाठी पाट काढलेला होता. हे मला माहीत होतं का? "इनामगाव – ताम्रपाषाणयुगीन स्थळ" एवढं माहीत होतं, म्हणजे रिकाम्या जागा भरा पुरतं. माझं माहेर इनामगावपासून मोटारसायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे, त्या गावात मी लग्नांना जेवलेय.

त्या लोकांची पुरायची पद्धत मी तिथं नीट समजून घेतली. लहान मूल गेलं तर दोन मोठे मातीचे रांजण घ्यायचे, आडवे, तोंडाला तोंड लावून, मधे मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठी माणसं सरळ निजवलेली, उत्तर-दक्षिण, पण पावलं तोडलेली. आणि एक सगळ्यांपेक्षा निराळा, चार पायांचा पोट सुटलेला मातीचा रांजण, त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला, वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात. त्या घराला कोठार पण होतं. ताईनं विचारलं, हा कोण असेल? आम्ही सगळे, "गावचा प्रमुख!" "कशावरून?" घर मोठं, जागा मधली, कोठार शेजारी, रांजण वेगळा. "आणि प्रमुख नसेल तर?" कुणीच बोलेना.

हे मी आल्यावर सहावीला जसंच्या तसं केलं, फक्त संग्रहालयाऐवजी फळ्यावर चित्र आणि कुंभाराकडून आणलेली दोन मडकी. मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावलं आणि आतमध्ये काय असेल ते नंतर सांगितलं. वर्ग एकदम गप्प झाला, मला वाटलं चुकलंच आपलं, लहान मुलांना सांगायला नको होतं. मग मी विचारलं, घराच्या बाहेर सोडून घरातच का पुरलं असेल? मला वाटत होतं कुणीतरी म्हणेल आईला जवळ वाटावं म्हणून, मी मनातल्या मनात तयारच होते डोळ्यात पाणी आणायला. एक मेंढपाळाचा पोरगा म्हणाला, "बाहेर पुरलं तर कोल्हं उकरतंय." झालं! बाकीची पोरं लगेच, हां बरोबर, आमच्या कुत्रीचं पिल्लू पुरलं होतं ते उकरलं होतं. म्हणून रांजण पण, म्हणून तोंडाला तोंड. आता पुस्तकातले तज्ज्ञ काय म्हणतात ते आपल्या जागी, पण हे "कशावरून"ला दिलेलं चोख उत्तर आहे की नाही सांगा. पावलं तोडायचं कारण मात्र कुणालाच पटेल असं सापडलं नाही. एक म्हणाला भूत होऊन चालत येऊ नये म्हणून, त्यावर दुसरा, "मग लहान पोरांची का नाही तोडली?" आणि पहिला म्हणाला, "ती कुठं चालायची!" तासाची बेल झाली तरी भांडण चालूच.

हे सांगताना एक सूचना, कुणी उत्साहात मुलांना घेऊन पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर खापरं गोळा करायला जाऊ नका. ते जिथल्या तिथं राहिलं तरच अभ्यासकांना काही सांगतं, उचलून आणलं की नुसतं खापर, आणि संरक्षित जागेवरून उचलणं कायद्यानं पण चालत नाही. ताईनं हे आम्हाला दोनदा बजावलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका माणसाला झुडपाच्या मुळ्या खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले आणि ते सरकारपर्यंत पोचले म्हणून आज आपल्याला माहीत तरी आहेत. भंगारात गेले असते तर?

मग वर्गात काय आणायचं? तर घरातलं. पुण्यात शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय बघितलंय ना? दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपासपासून गोळा करायला सुरुवात केली आणि वीस हजारांवर वस्तू जमवल्या, आणि त्यात काय आहे तर दिवे, अडकित्ते, वजऱ्या, झारे, लोकांच्या घरातल्याच वस्तू. त्या माणसाला नजर होती एवढंच. मुलाच्या नावानं, लहानपणीच गेलेल्या राजाच्या नावानं, सगळं ठेवलं. मी पोरांना सांगितलं, सोमवारी घरून एक अशी वस्तू आणायची जी आता कुणी रोज वापरत नाही.

अकरा पोरांनी धान्य मोजायची मापं आणली! पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. एका आजीनं निरोप पाठवला, "बाईला म्हणावं, मापटं परत पाठवा, नायतर पोरगं हरवील." एकीच्या पणजीला सगळा पाढा येत होता, पोरगी लिहून घेऊन आली, २ नेळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी १ चिपटं, २ चिपटी १ मापटं, २ मापटी १ शेर, २ शेर १ अधोली, २ अधोली १ पायली, १६ पायली १ मण, २० मण १ खंडी. मी इतिहासाचा तास म्हणून सुरू केला होता आणि बघता बघता गणिताचा झाला, कारण सातवीतल्या एका पोराच्या लक्षात आलं की हे सगळं दुप्पट-दुप्पट चाललंय, पायलीत मापटी आठ, चिपटी सोळा, कोळवी बत्तीस, नेळवी चौसष्ट. सातवीला घातांक आहेत. मी गेली कित्येक वर्षं दोनचा सहावा घात फळ्यावर लिहून घसा कोरडा करतेय आणि इथं पायलीत तो बसलाच होता.

मग शंका निघाली, दोघांची मापटी सारखी आहेत का? पोषण आहाराच्या खोलीतला वजनकाटा आणला, ज्वारी आणली. एकाचं मापटं भरलं ४५० ग्रॅम, दुसरीचं ५२०. दुसरीचं म्हणजे तिच्या आईच्या माहेरचं, नगरकडचं. भांडण! "तुमचं खोटंय", "तुमचंच खोटंय". मग कुणीतरी म्हणालं, ए, तू शीग लावून (काठाच्या वर ढीग करून) भरलंस, आम्ही घासून भरलं. परत मोजलं, दोन्ही घासून, तरी फरक राहिलाच. मग दोन्ही शिगोशीग, तेव्हा फरक आणखी वाढला, कारण नगरकडच्याचं तोंड रुंद आणि उंची कमी, शीग मोठी बसते. (हे एका चौथीतल्या पोरीनं खिडकीतून बघून सांगितलं, ती आमच्या वर्गात पण नाही.)

आणि तिथं एक पोरगा सहज म्हणाला, "माझे आज्जे सांगतात, सावकार धान्य घेताना शीग लावून घ्यायचा आणि देताना घासून द्यायचा."

मी खडू खाली ठेवला. सावकारी, कर्ज, शेतकऱ्यांची पिळवणूक, हे आम्ही मुद्दे काढून शिकवतो, कारणे लिहा, परिणाम लिहा. ते सगळं त्या मापट्याच्या काठावर होतं, दोन बोटं उंचीच्या शिगेत. मग सगळ्यांना कळलं की १९५६ च्या कायद्यानं देशभर एकच मेट्रिक मापं आणायचं का ठरवलं असेल, मला वेगळं सांगावंच लागलं नाही. माझ्या एकोणीस वर्षांत एवढा सरळ तास झाल्याचं मला आठवत नाही, आणि तो मी घेतलाच नाही म्हणायला हरकत नाही.

सगळंच असं गोड झालं असं समजू नका. डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत मला "कार्यशाळेतील अनुभव" सांगायला वीस मिनिटं दिली, त्यातली आठ मागच्या विषयानं खाल्ली. मी हौसेनं पिशवीतून अडकित्ता काढला, म्हटलं दोन मिनिटं नुसतं बघू या. दुसऱ्या मिनिटाला निम्मे मोबाईलमध्ये. एक सर म्हणाले, "मॅडम, छान आहे, पण पोर्शन कधी पूर्ण करायचा?" ह्या प्रश्नाला माझ्याकडं खरंच उत्तर नाही. मापट्याच्या त्या दिवशी माझे दोन तास गेले आणि पुस्तकाचं अर्धं पान पण झालं नाही. मी आता एवढंच करते, महिन्याला एकच वस्तू, एकच तास. आणि यंदाची सहल नेली तेव्हा आधी एका रविवारी एकटी जाऊन आले, तीन वस्तू निवडल्या, मुलांचे गट पाडले, एका दालनाबाहेर गेलोच नाही. कात्रज रद्द केलं म्हणून पालक जरा नाराज झाले, मुलं पण झाली, खोटं कशाला सांगू, वाघ तो वाघच. पण या वेळी वर्कशीट नव्हतं.

एक तक्रार अजून. अशी कार्यशाळा दोन दिवसांत आटोपते आणि मग कुणी विचारत नाही. ताईचा नंबर आहे माझ्याकडं, मी तिला पोरांचे फोटो पाठवते, ती उत्तर देते, पण हे तिच्या चांगुलपणावर चाललंय. सहा महिन्यांनी परत बोलवा ना, काय केलं ते विचारा, काय जमलं नाही ते विचारा. प्रमाणपत्र मात्र लगेच मिळालं, लॅमिनेट करून.

आता आमच्या वर्गातल्या कोपऱ्यात एक टेबल आहे, त्यावर महिन्याची वस्तू असते. लेबल पोरं लिहितात, नाव, कुठून आलं, काय दिसतं, आणि "कशावरून". या महिन्यात एका पोरानं माळवदावरून लोखंडाचं काहीतरी आणलंय, वीतभर लांब, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला कडी, मधे चपटं आणि त्याला तीन भोकं. गावात कुणाला ओळखू येईना, म्हणून लेबलवर पहिल्या ओळीत लिहिलंय, "नाव – माहीत नाही", आणि शेजारी वही ठेवलीये, शाळेत येईल त्यानं अंदाज लिहायचा. लोहार म्हणाला मोटेच्या जुंपणीचं. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या पाळण्याची कडी. मिलिटरीतून रिटायर झालेले एक आजोबा घोड्याच्या सामानाचं म्हणून अडून बसलेत.

मागच्या बुधवारी विस्तार अधिकारी साहेब शाळाभेटीला आले, माझ्या टाचणवहीला हात घालायच्या आधी त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. हातात घेतलं, फिरवलं आणि म्हणाले, "हे पाभरीचं आहे," म्हणजे पेरणीच्या अवजाराचं. आणि पहिल्या बाकावरची पोरगी, मी डोळे मोठे करतेय तोपर्यंत, "कशावरून, साहेब?" माझ्या पोटात गोळा आला. साहेब एक क्षण थांबले, मग खुर्ची ओढून बसले. "आमच्या घरी होती, वडील धरायचे. ह्या भोकातून दोरी जायची असं वाटतंय... थांब, कुठल्या भोकातून?" आणि दहा मिनिटं ती वस्तू आणि ते. टाचणवही राहूनच गेली.

वहीत पोरीनं लिहिलंय, "साहेब – पाभर. कशावरून – घरी होती म्हणतात, पण भोक आठवत नाही." गावात वरच्या आळीला एकांकडं जुनी पाभर अजून गोठ्यात पडलीये म्हणे, सोमवारी मधल्या सुट्टीत ही वस्तू घेऊन तिथं जाणार आहोत.